पालेमचा भोंगा

आमच्या कंट्रोल रूममध्ये नवीन लागलेली पोरं सत्यवेणीला तुसडी म्हणतात. मान वर करून बघत नाही, चहाला येत नाही, नावात एक अक्षर चुकलं तर अंगावर धावून येते. माझ्यासमोर कुणी असं बोललं की माझं डोकं फिरतं. मी ड्रायव्हर माणूस, जीप चालवतो, मला कुणी विचारत नाही. पण न विचारता सांगायची माझी खोड जुनी आहे, बायको रोज त्यावरून भांडते. तर ऐका.

गुत्तुला सत्यवेणी मूळची पालेमची. गोदावरीच्या दोन फाट्यांच्या मध्ये जी बेटं आहेत त्यांना आम्ही लंका म्हणतो. त्यातली मोठी मोगलिलंका, तिथपर्यंत बंधाऱ्यावरून जीप जाते. तिच्या पलीकडे एक अरुंद पाट, आणि पाटापल्याड नारळाच्या झाडांत लपलेली चार घरांची वस्ती, ते पालेम. तिथे होडीनेच जायचं. ती होडी तिचा बाप चालवायचा, पेद्दिराजू. आई लहानपणीच गेली. बापाने होडी वल्हवून पोरीला डिप्लोमा करवला, आणि ती पूर-इशाऱ्याच्या ऑफिसात लागली तेव्हा अख्ख्या पालेममध्ये पूतरेकुलू, आमच्याकडची कागदासारखी पातळ मिठाई, वाटले. मलाही दिले. मी तिला पहिल्या दिवशी धक्क्यावरून घेऊन आलो होतो ना, तेव्हापासून ती मला बाबाय म्हणते. सख्ख्या पुतणीने कधी इतक्या मायेने काका म्हटलं नाही.

ऑफिसचं काम असं. गावागावांत खांबावर भोंगे बसवलेत. वर धरणावर पाणी ठरल्या खुणेच्या, म्हणजे दुसऱ्या इशाऱ्याच्या, पुढे गेलं की कॉम्प्युटर आपोआप भोंगे वाजवतो. कुठला भोंगा चालू, कुठला बिघडला, कुठली तार तुटली, सगळं सत्यवेणीच्या समोर पडद्यावर दिसतं. भोंग्याची दुरुस्ती करायची असेल तर वायरमनने खांबावर चढायच्या आधी आपल्या मोबाईलवरून त्या भोंग्याचं नाव टाकायचं, म्हणजे काम संपेपर्यंत तो गप्प राहतो.

घोडं अडायचं ते नावापाशी. कॉम्प्युटरमधलं नाव लांबलचक, जिल्हा, मंडल, गाव, खांबाचा नंबर, सगळं एका माळेत. ते जसंच्या तसं जुळलं तरच कॉम्प्युटर ऐकणार. आता खांबाला टेकून, एका हातात पक्कड धरून ते कोण लिहिणार? आमचा वायरमन नूकराजू गावाचं नाव टाकायचा आणि चढायचा. कॉम्प्युटरला ते जुळायचं नाही. मग नूकराजूचा हात तारेला लागला की भोंगा बोंबलायचा, आणि खाली बायका पोरं काखेत मारून, भांडी डोक्यावर घेऊन बांधाकडे धावत सुटायच्या. एकदा तर एका लंकेतल्या लोकांनी नूकराजूला खांबावरून उतरूच दिलं नाही. खाली काठ्या घेऊन उभे! मी जाऊन हातापाया पडलो तेव्हा सुटला.

"अक्का, उद्यापासून मी नाही चढणार," तो ऑफिसात येऊन सत्यवेणीला म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर शहाणा, मी अडाणी. माझ्या बायकोला विधवा करायची असेल तर सरळ सांगा."

सत्यवेणी हसली. तेव्हा हसायची ती. दोन दिवस त्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसली आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाबाय, झालं. आता पूर्ण नाव नको. नावाचा तुकडा टाकला तरी चालेल."

"म्हणजे काय केलंस?"

"आधी तो नाव तंतोतंत जुळतंय का बघायचा. आता गावाचं नाव ज्या ज्या भोंग्याच्या नावात सापडेल, तो गप्प करेल."

"ज्या ज्या म्हणजे? भलताच गप्प झाला तर?"

"एका गावात दोन भोंगे असले तर दोन्ही होतील, एवढंच. तुझं आपलं काहीतरी! जीप धू जा."

धुतली जीप. सगळे खूष झाले. उगाचचे भोंगे बंद झाले, नूकराजू खांबावर बसून गाणी म्हणायला लागला. आमचे साहेब शेषगिरी गारू, एरवी कुणाचं कौतुक करताना ज्यांचे दात दुखतात, त्यांनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं.

पालेमच्या भोंग्याची राखण पेद्दिराजूकडे होती. बॅटरीच्या पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. रोज फडकं मारायचा. त्या भोंग्याला तो धाकटी म्हणायचा. "थोरली ऑफिसात बसते आणि धाकटीला ओरडायला लावते. दोघी माझ्याच," असं होडीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकवायचा.

हा पेद्दिराजू आधी नदीकडे बघून पाणी सांगायचा. धक्क्याच्या कुठल्या पायरीशी फेस जमलाय, खेकडे कुठवर चढलेत, पाण्याला मातीचा वास येतोय की कुजलेल्या पानांचा, यावरून तो म्हणायचा, उठा, आणि पालेम उठायचं. भोंगा आल्यावर त्याने ते सोडून दिलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "माझे डोळे चुकले असतील कधी, वेणी चुकायची नाही. तिला धरणापासून दिसतं." इतका विश्वास होता हो. आणि पालेमचा त्याच्यावर होता.

त्या वर्षी मोगलिलंकेच्या भोंग्यावर वीज पडली. नूकराजूने तो उतरवला, रीतीप्रमाणे मोबाईलवर मोगलिलंका असं टाकलं, आणि सामान यायची वाट बघत काम तसंच राहिलं. तेवढ्यात वर पाऊस झाला आणि गोदावरी चढायला लागली. सत्यवेणीच्या ते पक्कं ध्यानात होतं. दुपारी मला बोलावून म्हणाली, "बाबाय, मोगलिलंकेचा भोंगा नाहीये. माईक घेऊन तू जा. दुसरा इशारा संध्याकाळपर्यंत लागेल. घरोघर ओरड."

"आणि पालेम?"

"पालेमला भोंगा आहे. नान्ना आहेत." बापाला ती नान्ना म्हणते.

गेलो. जीपवर कर्णा बांधून मोगलिलंकेच्या गल्ल्यागल्ल्यांतून घसा फाटेस्तोवर ओरडलो. लोक निघाले, गुरं बांधावर आली. दुसरा इशारा लागल्याचा निरोपही आला. माझ्याच कर्ण्याने माझे कान बधिर झाले होते, पालेमचा भोंगा वाजला की नाही ते कळायचं कारण नव्हतं. ऊन उतरलं होतं. मी पाटाच्या काठाशी जीप लावली, बाटलीतलं पाणी प्यायलो आणि सहज पलीकडे बघितलं.

पालेममधून धूर येत होता. चुलीचा. नारळाच्या झाडांतून निवांत वर चाललेला, संध्याकाळच्या भाताचा धूर.

भोंगा ऐकलेली बाई चूल पेटवत नाही हो! ती पहिल्यांदा पेटलेली विझवते. मी सत्यवेणीला फोन लावला.

"अम्मा, पालेमचा भोंगा वाजला ना?"

"वाजला की. दुसरा इशारा लागला, सगळे वाजले. का रे?"

"मग तिथे चुली कशा पेटल्यात?"

खटखट बटणं दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबाय, पालेम मला इथे दिसतच नाहीये."

"दिसत नाही म्हणजे?"

"वाजलेल्यांत नाही. बिघडलेल्यांत नाही. थांब." परत खटखट. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "गप्प केलेल्यांत आहे. नूकराजूने मोगलिलंका टाकलं. आपलं नाव... मोगलिलंकापालेम."

आमच्याकडे वाडी आईगावाचं नाव लावते, ही रीतच आहे. मोठ्या गावातून चार घरं फुटून पलीकडे गेली की तिचं पालेम होतं, आणि कागदावर आईगावाचं नाव तिच्या कपाळी राहतं. पण ते नाव उच्चारतो कोण? तिथे जन्मलेल्या पोरीनेसुद्धा आयुष्यभर नुसतं पालेमच म्हटलं. आमच्या कुणाच्या डोक्यात मोगलिलंका म्हटल्यावर पालेम येतच नाही. कॉम्प्युटरच्या आलं. तिने सांगितलं होतं तसंच त्याने केलं.

फोन चालूच होता. पलीकडून पालेमचा भोंगा सुरू झाला. तिने ऑफिसातून स्वतः बटण दाबून वाजवला. एवढा कर्कश आवाज, पण मला त्या क्षणी देवळातल्या घंटेसारखा वाटला. आणि मग पाटाच्या पाण्याकडे बघितलं तर ते आधीच मागल्या अंगाने, केळीच्या बागांतून, पालेममध्ये शिरत होतं.

बाकीचे वाचले. शाळेच्या उंच जोत्यावर चढले, भिजले, भांडी गेली, कोंबड्या गेल्या. एक म्हातारी तेवढी गेली, बुल्लेम्मा. तिला चालता येत नव्हतं, झोपडी सगळ्यात सखल भागात. तिचा मुलगा सत्तिबाबू तिला घरीच ठेवून म्हशी सोडायला जोत्याकडे गेला होता, कारण त्याने त्याआधी पेद्दिराजूला विचारलं होतं, "मावय्या, पाणी चढतंय, आईला हलवू का?" आणि पेद्दिराजू म्हणाला होता, "दरवर्षी एवढं चढतंच. वेणीने अजून वाजवला नाही. म्हातारीला जेवू दे." भोंगा वाजल्यावर सत्तिबाबू परत धावला, पण मध्ये गळ्याइतकं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी होडीतून मी आणि सत्यवेणी गेलो. तिचे ओठ कोरडे पडले होते, मी पाणी दिलं तर बाटली नुसती धरून बसली. जोत्यावर सगळं पालेम उभं होतं, मध्ये चादरीखाली बुल्लेम्मा. सत्तिबाबूने सत्यवेणीला बघितलं आणि तिच्याकडे येऊ लागला.

"भोंगा उशिरा का वाजला?" तो म्हणाला. ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. "मोगलिलंका दुपारीच उठली. आम्हाला उशिरा का?"

सत्यवेणीने तोंड उघडलं. तेवढ्यात पेद्दिराजू पुढे आला.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "मी बॅटरी काढली होती, होडीच्या दिव्याला. परत लावायची विसरलो. मग आठवलं तेव्हा लावली, आणि वाजला."

मग सत्तिबाबूने म्हाताऱ्याची मान धरली. लोकांनी सोडवलं. एक बाई थुंकली. पेद्दिराजू मान खाली घालून उभा राहिला आणि पोरीकडे त्याने बघितलंच नाही. मला सगळं माहीत होतं. माझ्या तोंडाशी शब्द आले, पण सत्यवेणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली. मला वाटलं, घाबरली पोर, आणि घाबरू दे, बापच आहे तिचा, वाचवतोय तर वाचवू दे.

ऑफिसात शेषगिरी गारूंना तर हायसंच वाटलं. "राखणदाराची चूक. त्याने स्वतः कबूल केलंय. विषय संपला." सत्यवेणीने त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ अम्मा, तो तुझा बाप आहे. त्याला काय शिक्षा होणार? किल्ली काढून घेऊ. तुझं सांगत बसलो तर तुझी नोकरी जाईल, माझी बदली होईल, म्हातारी काही परत येणार नाही. घरी जा, झोप."

पालेममध्ये पेद्दिराजूच्या होडीत कुणी बसेना. लोक लांबच्या वाटेने जायचे, पण त्याला हाक मारायचे नाहीत. तो रोज होडी धक्क्याला लावून बसायचा आणि संध्याकाळी रिकामी परत बांधायचा. मी विचारलं, "कशाला हे केलंस रे बावा?" तर म्हणाला, "तू जीप चालव."

बुल्लेम्माच्या पेद्दकर्माला, म्हणजे दिवसकार्याच्या जेवणाला, सगळ्या पंगती बसल्या होत्या. केळीच्या पानावर गारे, आमचे उडदाचे वडे, वाढले होते. सत्यवेणी सुट्टी घेऊन आली होती, बायकांच्या ओळीत कडेला बसली होती, पानाला हात लावला नव्हता. एकदम उठली.

"नान्नांनी बॅटरी काढली नव्हती," ती म्हणाली. "चूक माझी आहे. कॉम्प्युटरमध्ये नावाचा तुकडा जुळला तरी चालेल, असं मी करून ठेवलं होतं. मोगलिलंकेचा भोंगा बंद केला त्यात आपलाही बंद झाला. मी इथे जन्मले आणि माझ्या लक्षात आलं नाही. सत्तिबाबू, तुझ्या आईला मी मारलं."

सत्तिबाबू वाढत होता, त्याच्या हातात पप्पूचं, वरणाचं भांडं होतं. त्याने ते हळूच खाली ठेवलं आणि तिच्यासमोरचं पान उचलून नदीकडे चालता झाला. शिवीगाळ नाही, काही नाही. त्याने मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

मला वाटलं होतं, म्हातारा तिला जवळ घेईल. कसलं! धक्क्यावर आल्यावर तो असा भडकला की मी त्याला आयुष्यात तसा बघितला नव्हता.

"कुणी विचारलं होतं तुला? मोठी हरिश्चंद्राची पोर!"

"नान्ना, तुमच्या होडीत कुणी बसत नव्हतं. लोक थुंकत होते. मी बघत बसायचं?"

"थुंकू दे! चार वर्षं थुंकतील, मग मी मरेन. मला शिव्या देत होते ना, पण धाकटीवर विश्वास होता त्यांचा. म्हाताऱ्याने घाण केली, भोंगा चांगला आहे, असं म्हणत होते. आता काय म्हणतील? पुढच्या पुरात भोंगा वाजेल आणि पालेम जेवत बसेल. किंवा वाजणार नाही, आणि रोज पळत सुटेल. कुणाला उठवणार आहेस तू आता?"

सत्यवेणी मटकन खाली बसली. तिला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. मलाही आवरेना. म्हातारा वल्ह्याला धरून दुसरीकडे बघत उभा राहिला. मी दोघांनाही चार शब्द सुनावायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो, कारण दोघांचंही खरं होतं.

नोकरी गेली नाही. साहेबांनी वर काहीच कळवलं नव्हतं, आणि तिने स्वतः लिहून दिलं तर त्यांनी ते खणात टाकलं. तिने मग काय केलं, तर ते तुकड्याचं जुळवणं काढून टाकलं. आता नाव पूर्ण जुळलंच पाहिजे. नूकराजूला टाईप करावं लागू नये म्हणून प्रत्येक खांबावर एक पत्रा ठोकला, मोबाईलने त्याचा फोटो काढला की पूर्ण नाव आपोआप जातं. आणि गप्प केलेले भोंगे पडद्यावरून लपत नाहीत, लाल अक्षरांत सगळ्यात वर दिसतात. कुणी घाईत अर्धवट काही टाकलं की ती खेकसते. ती नवीन पोरं ज्याला तुसडेपणा म्हणतात तो हा. करा म्हणावं तुम्ही नावात चूक आणि मग जा एकदा पालेमला.

पण म्हातारा म्हणाला होता तसंच झालं. आता दर शनिवारी संध्याकाळी चाचणीचा भोंगा वाजतो. तसा नियमच आहे, वाजला की सगळ्यांनी गाठोडं घेऊन शाळेच्या जोत्यावर यायचं. बाकीच्या लंका येतात, कुरकुरत का होईना. पालेम येत नाही. सत्तिबाबू तर भोंगा वाजला की मुद्दाम ओट्यावर येऊन बसतो.

मी शनिवारी मोगलिलंकेच्या काठावर जीप लावून उभा राहतो. हे माझं काम नाही, कुणी सांगितलेलं नाही, पण राहतो. भोंगा वाजतो. मग नारळाच्या झाडांतून पेद्दिराजू निघतो. डोक्यावर गाठोडं, काखेत भाताची पातेली, गुडघे धरत धरत जोत्यावर चढतो आणि तिथे एकटा बसतो. किल्ली त्याच्याकडे नाही, राखण त्याच्याकडे नाही. मी त्याला एकदा म्हटलं, कशाला एवढा त्रास, खोटा तर भोंगा आहे. तो म्हणाला, "पोरगी बोलावते तर कुणीतरी जायला नको?"

चाचणी संपली की सत्यवेणीचा फोन येतो. परवाही आला.

"बाबाय, कोण आलं?"

"नान्ना आले, अम्मा."

"आणखी?"

मी पलीकडे बघितलं. घराघरातून धूर वर चालला होता, भाताचा, माशाच्या आमटीचा. एका पेद्दिराजूच्या घरावर तेवढा नव्हता.

"नान्ना आलेत," मी परत म्हणालो.